देवांच्या गाठोड्यातलं पत्र

परळ, मुंबई
१७ सप्टेंबर १९५६, सोमवार

रूबेन,

नावाआधी 'चि.' लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. दीड वर्षात तुझी एक ओळ माझ्या हातात नाही. अशा मुलाला चिरंजीव लिहायला माझा हात धजत नाही.

लिहायला बसले आहे ती देवाच्या हुकमानं. परवा शनिवारी दरफाळणी झाली. तिकडे इस्रायलात, बीरशेब्यात, तुम्ही तिला योम किप्पूर म्हणत असाल. म्हणा बापडे. आम्ही कोकणातले बेने इस्राएल, आमच्या आजीनं या दिवशी दार फाळलं, आईनं फाळलं, मीही फाळलं. शुक्रवारी ऊन उतरायच्या आत पांढरं नेसून आत बसले ते शनिवारी तारे दिसेपर्यंत. अन्न नाही, पाणी नाही, परक्याचा स्पर्श नाही, कुणाला दार उघडणं नाही. एका खोलीत एकटं माणूस चोवीस तास देवासमोर बसलं की देवालाही कंटाळा येत असेल.

प्रार्थना चालवणारे आपले हज्जान दरवर्षी सांगतात, देवाचे केलेले गुन्हे देव माफ करतो, पण माणसाचे गुन्हे ज्याचे त्याला सांगावे लागतात. म्हणून सांगते. बंदरावर सगळ्यांच्या देखत मी तुला म्हटलं, "आजपासून मला मुलगा नाही." ते म्हणायला नको होतं. झालं, सांगितलं.

पण माझा राग खोटा नव्हता. तुझे बाबा जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. बाप गेला की मुलानं अकरा महिने दहा पुरुषांत उभं राहून त्याच्यासाठी कद्दीश म्हणायचं, हे तुला मी शिकवायला हवं होतं का? एकुलता एक तू. बोटीची पाळी चुकली तर पुन्हा कधी मिळणार, म्हणालास. "तिकडे म्हणेन की, आई," म्हणालास, जसं काही बाजारातून भाजी आणायची आहे. तुझ्या बाबांनी तुझ्या जन्माच्या दिवशी काय म्हटलं होतं ठाऊक आहे? "शेगुला, माझा कद्दीश म्हणणारा आला." मिलमधून धावत आले होते, डोक्यावर कापूस तसाच.

मशिदीत गेले नाही यंदा. गुडघा सुजला होता. (शेजारची रखमा अजून विचारते, "बाय, तुम्ही यहुदी, मग तुमच्या देवळाला मशीद कशी ओ?" आजवर मला उत्तर सापडलेलं नाही.)

शनिवारी दुपारी कुणीतरी दार वाजवलं. दोनदा. मी शेमाची प्रार्थना म्हणत होते, उठले नाही. मग रखमाच्या नवऱ्याचा, कुशाबाचा आवाज आला, "आज नाय उघडणार ओ. त्यांचं दार फाळलंय." पावलं जिन्यानं उतरून गेली. समितीची पत्रकं वाटणारा असेल. सध्या दिवसातून चार येतात.

आई


२ नोव्हेंबर १९५६, शुक्रवार

रूबेन,

काल साऱ्या चाळीवर काळी निशाणं लागली. द्वैभाषिक राज्य सुरू झालं. मुंबई महाराष्ट्राला मिळाली नाही म्हणून माणसं सुतकात असल्यासारखी वावरतात. मीही वावरते, पण माझं सुतक वेगळं आहे आणि ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

कुशाबा दुसऱ्या पाळीला असला की सकाळी गॅलरीत बसून पेपर मोठ्यानं वाचतो. सगळा मजला ऐकतो. बुधवारी त्यानं सुरुवात केली, "इस्रायलच्या फौजा इजिप्तमध्ये घुसल्या," आणि मला बघून गप्पकन पान उलटलं. नाटकांच्या जाहिराती वाचायला लागला बिचारा. पण पलीकडच्या खोलीतल्या शामरावांना कुठली पोच! माझ्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, तुमच्या लोकांनी हे काय बरं नाही केलं."

माझे लोक! माझ्या आजोबांचा पेणला तेलाचा घाणा होता. शनिवारी बैल सोडायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. जानेवारीत गोळीबार झाला तेव्हा तीन दिवस मी वॉर्डातून घरी आले नव्हते. लालबागची पोरं, परळची पोरं, त्यांच्या जखमा धुतल्या, एकाचे डोळे मिटले. तेव्हा शामराव म्हणाले नाहीत, तुमचे लोक की आमचे लोक. हे सगळं ओठांवर आलं होतं. तोंडानं म्हटलं, "असेल हो."

तू फौजेत आहेस की नाहीस, मला माहीत नाही. बावीस वर्षांचा धडधाकट पोरगा, तुला घरी कोण बसवेल? कुणाला विचारू? ज्यांची मुलं तिकडे आहेत त्या बायकांकडे जायला पाय उचलत नाही. त्या आपापली पत्रं दाखवतील आणि मग विचारतील, "तुझ्या रूबेनचं काय आलं?"

मग उरला देव. तुझ्या बाबांचं प्रार्थनेचं पुस्तक काढलं. मला त्यातलं एवढंच कळतं की ते उजवीकडून उघडायचं. अक्षरांवरून बोट फिरवते, जिथं त्यांच्या बोटानं पान मळलंय तिथं थांबते. मला येतो तो एक शेमा. "शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद." सुया उकळताना म्हणते, ड्रेसिंग कापताना म्हणते. बेडपॅन धुताना म्हणत नाही, ते बरं दिसत नाही.

आणि आपल्या एलियाहू हन्नबी प्रेषिताला नवस बोलले आहे. रूबेनच्या हस्ताक्षरातलं पत्र येऊ दे, तुझ्या उरुसाला मलिदा करीन. पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं, सगळं साग्रसंगीत. 'हस्ताक्षरातलं' असं मुद्दाम बोलले. नुसतं पत्र म्हटलं तर सरकारी पत्रही येतं. अशी पत्रं आलेल्या आया मी हॉस्पिटलात पाहिल्या आहेत.

आई


२० नोव्हेंबर १९५६, मंगळवार

रूबेन,

लढाई थांबून दोन आठवडे झाले म्हणतात. पत्र नाही.

आज खरं लिहायचं ठरवलं आहे. खोटं बोलून प्रार्थना करणं म्हणजे पोट दुखत असताना डॉक्टरला डोकं दाखवण्यासारखं.

तुझी ओळ आली नाही हे खोटं. तुझी दोन पत्रं आली होती. पहिलं गेल्या वर्षी एप्रिलात, पासओव्हरच्या सणाच्या आसपास, दुसरं ऑगस्टात. दौलत पोस्टमन म्हणाला, "सिस्टर, फॉरेनचं आहे. घ्या की." मी म्हटलं, "घेणार नाही म्हणून लिही आणि धाड परत." दुसऱ्या वेळी त्यानं ते उंबऱ्यावर ठेवून जायचा प्रयत्न केला. मी जिन्यापर्यंत पळत जाऊन त्याच्या पिशवीत कोंबलं. परत करण्याआधी पाकीट उलटून तुझा पत्ता मात्र वाचला. दोन्ही वेळा. तो मला शेमासारखा पाठ आहे.

गुडघा सुजला होता हेही खोटं. मशिदीत गेले नाही कारण वरच्या बायकांच्या सज्जातून प्रत्येक बाई खाली आपल्या नवऱ्याला शोधते, मुलाला शोधते. मी खाली बघून काय करू? गेल्या वर्षी मी दोन तास पंख्याकडे बघत बसले होते.

आणि ही पत्रं. आधीची दोन पोस्टात टाकलेलीच नाहीत. बाबांच्या पुस्तकात ठेवली आहेत, हेही तिथंच जाईल. मी पाठवलं, आणि तूही पोस्टमनला म्हणालास, "घेणार नाही," तर? मी केलं ते तू केलंस तर मला सोसणार नाही. मोठी रागीट म्हणवते, पण अशी भित्री आहे तुझी आई.

देवासमोर आता शब्दच फुटत नाही. काय म्हणू? ज्याची पत्रं मी परत केली त्याचं पत्र मला आणून दे? मी देव असते तर असल्या बाईला जिन्यावरूनच परत पाठवलं असतं.

तरी म्हणते. दुसरं कुणी नाही म्हणून म्हणते.

आई


१६ डिसेंबर १९५६, रविवार

चि. रूबेन यास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं तिसरं पत्र मला मिळालं. तुझ्या हस्ताक्षरातलं. पण ते चार महिन्यांपूर्वीचं आहे, म्हणून नवस अजून तसाच उभा आहे. कसं मिळालं ते सांगते, म्हणजे कुणावर रागवायचं ते तुझं तुला कळेल.

तू ते पोस्टानं न पाठवता पेणला परत येणाऱ्या माणसाच्या हाती दिलंस. "पोस्टानं आलं तर परत करशील," असं लिहिलंस. तो भला माणूस शोधत शोधत चाळीत आला, तो नेमका दरफाळणीच्या दिवशी. दार वाजवणारा तोच. समितीचा नव्हे. तुझं पत्र माझ्या दारात उभं होतं आणि मी आत बसून देवाकडे तुझ्याबद्दल तक्रार करत होते.

कुशाबानं ते घेतलं. त्या दिवशी मला शिवायचं नाही, हे त्याला पंधरा वर्षांपासून ठाऊक. आईला आलेलं मुलाचं पत्र म्हणून त्यानं ते जपून ठेवलं, घरातल्या सगळ्यांत पवित्र जागी: देव्हाऱ्यात, देवांच्या पाठीमागे. रखमाला म्हणाला, उद्या दे. तिला घाईत ऐकू गेलं, उद्या देतो. तिला वाटलं ह्यानं दिलं, ह्याला वाटलं तिनं दिलं. मी कधी पत्राचं नाव काढलं नाही, तर दोघांना वाटलं, म्हातारी रागावलेली आहे, विषय नको.

मग ऑक्टोबरात कुशाबा नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. तू तिकडे ऐकलं असशील, लाखो माणसं बौद्ध झाली. घरी आल्या आल्या म्हणाला, आता हे देव नाहीत आपले. रखमानं देव उतरवले, सासूच्या लुगड्याच्या तुकड्यात गाठोडं बांधलं. भिंतीला टेकलेलं पाकीटही त्यात गेलं. समुद्रात सोडायचं म्हणून गाठोडं काढलं, पण सासूच्या हातचे देव, तिचा हात होईना. गाठोडं दोन महिने माळ्यावर.

गेल्या आठवड्यात बाबासाहेब गेले. त्या दिवशी चाळीत एकही चूल पेटली नाही. ही दोघं दादरपर्यंत पायी गेली, पायीच परत आली. मी रखमाजवळ नुसती बसून राहिले. शुक्रवारी सकाळी कुशाबा तिला म्हणाला, "त्यांना शब्द दिलाय आपण. आता ते गाठोडं घरात नको." ती शेवटचं बघायला म्हणून गाठ सोडून बसली, आणि तशीच उठून माझ्या दारात आली.

"बाय, तुमची चिठ्ठी. देवांच्या पाठी होती ओ." तिच्या मागे कुशाबा. असा उभा, जसा मिलमध्ये मशीन मोडून आलाय. म्हणाला, "सिस्टर, मला दोन थोबाडीत द्या."

मी काय देणार? तिसरं पत्र त्यानं हरवलं, आधीची दोन मी. मी त्याला चहा दिला.

आता तुझ्या पत्राबद्दल. मी ते इतक्यांदा वाचलं आहे की घड्या फाटायला आल्या. तू लिहितोस, जवळच्या प्रार्थनाघरात एका म्हाताऱ्यानं तुला विचारलं, तुम्ही हिंदुस्थानचे काळे लोक, खरे यहुदी कशावरून? दहांत तुला मोजेना. म्हणून तू रोज पहाटे अडीच मैल चालत दुसऱ्या वस्तीत जात होतास, जिथं आपले कोकणातले नऊ पुरुष होते. "माझ्यामुळे दहा होत होते, आई, म्हणून मला एकही दिवस चुकवता येत नव्हता." अकरा महिने. त्यात चार दिवस ताप होता तेवढे चुकले, त्याची माफी मागतोस. माझी माफी! पोरा, मी इथं बसून दीड वर्ष देवाला सांगत होते की माझ्या मुलानं बापाला टाकलं. देव ऐकून घेत होता. त्याला सगळं माहीत होतं आणि तो ऐकून घेत होता.

काल शब्बाथला मशिदीत गेले. हज्जानांना म्हटलं, चार दिवस राहिलेत, ते तुम्ही म्हणा. ते म्हणाले, "शेगुलाबाई, असं काही शास्त्रात नाही." मी म्हटलं, "नसेल." त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि कालपासून सुरुवात केली. मी सज्जातून खाली पाहिलं. पंख्याकडे नाही.

तुझ्या पत्राची शेवटची ओळ इथं उतरवते. "नव्याच्या सणानंतर, नवं वर्ष लागलं की, मला पलटणीत बोलावतील. जायच्या आधी तुझी एक ओळ आली तर बरं वाटेल." तू वाट पाहिली असशील. तुझी अशी समजूत झाली असेल की आईनं हेही परत केलं. तसाच गेलास का रे लढाईवर?

उद्या पोस्ट उघडलं की ही चारही पत्रं एका पाकिटात घालून विमानानं पाठवते आहे. तू 'घेणार नाही' म्हणालास तर म्हण. तो तुझा हक्क.

एक गोष्ट बदलली आहे. पूर्वी देवाशी घासाघीस करायचे, हे दे, मग मी ते देईन. आता शेमा म्हणते आणि पुढे नुसतं म्हणते, तुझ्याकडे आहे तो, तू बघ. त्यानं भीती गेलेली नाही. पण भीती असताना जेवण जातं, एवढं झालं आहे.

तुझी आई


१७ जानेवारी १९५७, गुरुवार

चि. रूबेन,

मंगळवारी दौलत पोस्टमन जिन्याखालूनच ओरडत आला, "सिस्टर, फॉरेन! आता परत नेणार नाही हं मी!" मी पाकीट हातात घेतलं. बीरशेब्याचा शिक्का. अक्षर तुझं नव्हतं.

मी ते उघडलं नाही. दोन दिवस ते टेबलावर पडून होतं. कामावर जाताना बघायचे, येऊन बघायचे. अशी पाकिटं कशी असतात ते मला माहीत आहे, असं मी तुला लिहिलंच होतं. रखमा म्हणाली, "बाय, कुणाकडून वाचून घ्या." मी म्हटलं, वाचता मला येतं गं, उघडता येत नाही.

आज एलियाहू हन्नबीचा उरूस. काल सकाळी हज्जानांकडे जाऊन म्हटलं, उद्या माझ्या घरी मलिदा करायचा, माणसं घेऊन या. त्यांनी विचारलं, "पत्र आलं का मुलाचं?" मी सांगितलं, आलं आहे, दुसऱ्याच्या अक्षरातलं, उघडलेलं नाही. ते म्हणाले, "मग नवस फेडायचा कसा? आधी वाचा तरी. काय लिहिलं आहे ते कळू दे. देवाचे आभार कशाबद्दल मानायचे?"

मी म्हटलं, "माझा मुलगा पहाटे अडीच मैल चालत गेला त्याबद्दल. ते तर झालेलं आहे ना? आत काहीही लिहिलेलं असो, ते कुणी पुसू शकत नाही. त्याचा मलिदा करते." त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "येतो."

रखमानं खोबरं किसून दिलं. पोह्यांच्या ढिगावर केळी, संत्री, खजूर मांडले. मशिदीतले पुरुष आले, खोली भरली. बाबा गेल्यापासून या खोलीत इतके आवाज झाले नव्हते. त्यांनी एलियाहूचं गाणं म्हटलं आणि मी दाराशी उभी राहून त्यांच्याबरोबर म्हटलं. पाकीट टेबलावर होतं. सगळ्यांना दिसत होतं, कुणी तिकडे बघत नव्हतं. कुशाबा गॅलरीत उभा होता. त्याला देवाधर्माचं आता चालत नाही. मी बशी नेऊन दिली तर म्हणाला, "देवाचं म्हणून नाय, सिस्टर. तुमच्या हातचं म्हणून खातो." मी म्हटलं, खा बाबा, एलियाहूला राग नाही.

सगळे गेल्यावर मी हात धुतले, पुसले, आणि पाकीट फाडलं.

हायम नवगावकर म्हणून तुझा सोबती आहे ना, त्याचं पत्र. अक्षर कोंबडीचे पाय. "मावशी, रूबेन जिवंत आहे," पहिलंच वाक्य. शहाणा मुलगा आहे, त्याला आयांबद्दल माहिती दिसते. मग मी पलंगावर बसले आणि बऱ्याच वेळानं पुढचं वाचलं. मांडीत गोळी, ती काढली. उजवा हात मोडला, प्लॅस्टरमध्ये. दीड महिना तू कुणाशी धड बोलत नव्हतास, भिंतीकडे तोंड करून पडायचास. मग माझं जाडजूड पाकीट आलं. हायम वाचून दाखवायला लागला तर तू डाव्या हातानं हिसकावून घेतलंस. दोन दिवस कुणाला दाखवलं नाहीस. आईला काय कळवू विचारलं तर म्हणालास, "लिही, शिव्या पोचल्या. आणखी पाठव."

घे तर मग. गाढवा, उजवा हात मोडला होता, डाव्याला काय झालं होतं? एक वेडीवाकडी रेघ ओढून पाठवली असतीस तर दोन दिवस मेले नसते मी. प्लॅस्टरच्या आत खाजतं म्हणून काडी घालू नकोस, आत जखम होते, मी शंभर मुलांना हेच सांगते आणि शंभरही काडी घालतात. मांडी आखडू देऊ नकोस. दुखलं तरी पाय लांब कर, लंगडा झालास तर माझ्याशी गाठ आहे. भिंतीकडे तोंड करून काय पडतोस? भिंत काय तुझी आई लागते? दीड महिना अन्नावर राग काढलास ना, मला न सांगता कळतं, बाबाही असंच करायचे. आणि तो म्हातारा, तुला खरा यहुदी कशावरून म्हणणारा, त्याला माझा निरोप सांग...

इथं थांबावं लागलं. लिहिता लिहिता मी मोठमोठ्यानं बोलत होते. रखमा ओल्या हातानं धावत दारात आली, घाबरलेली. "बाय, घरात कोण नाय, कुणावर ओरडताय?"

मी म्हटलं, "माझ्या मुलावर."

तुझी आई